विक्री विभागासाठी ईमेल-ट्रॅकिंग साधनाची निवड : प्रकल्प नोंदी

२७ ऑक्टोबर २०२५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून कारखाना आज पूर्ण क्षमतेने सुरू झाला आणि पहिल्याच बैठकीत विक्रीप्रमुखांनी हे काम माझ्याकडे सोपवले. सातपूर औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना कंट्रोल पॅनलसाठी पत्र्याची एनक्लोजर, म्हणजे विद्युत उपकरणे बसवायच्या पेट्या, बनवतो आणि काही ग्राहकांना पॅनल वायरिंगसह तयार करूनही देतो. ग्राहक तीन प्रकारचे आहेत : अंबड, सिन्नर, पुणे आणि मुंबईतले पॅनल बिल्डर, निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत परिसरातली द्राक्षांची पॅकहाउसे व शीतगृहे, आणि अलीकडच्या काळात जोडले गेलेले जर्मनी व नेदरलँड्समधले मोजके खरेदीदार. विक्री विभागात सात जण आहेत आणि सर्वांचे मेल गूगल वर्कस्पेसवर आहेत.

विक्रीप्रमुखांची मागणी सरळ होती. कोटेशन कोणी उघडले, केव्हा उघडले आणि किती वेळा उघडले हे कळले, की त्या दिवशी फोन कोणाला करायचा ते ठरवता येईल, असे त्यांचे म्हणणे. द्राक्षाचा निर्यात हंगाम जानेवारीत तोंड काढतो आणि त्याआधी पॅकहाउसवाल्यांना प्री-कूलिंगची (माल आधी थंड करण्याच्या यंत्रणेची) पॅनल बसवून हवी असतात, त्यामुळे साधन डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू झाले पाहिजे, ही मुदतही त्यांनीच घातली. सिंहस्थाच्या कामांमुळे ठेकेदारांच्या इन्क्वायऱ्या वाढल्या आहेत, ही आणखी एक घाई.

बैठकीच्या शेवटी मी एकच प्रश्न विचारला : उत्तर न आलेली कोटेशने आज नेमकी किती आहेत? कोणालाच सांगता आले नाही. हा प्रश्न वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

३० ऑक्टोबर २०२५, गुरुवार

बाजारात काय आहे ते दोन दिवस पाहिले. साधनांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात ब्राउझरला जोडायची एक्स्टेंशने येतात. मेलसूट, येसवेअर आणि स्ट्रीक ही त्यांतली ठळक नावे. ती थेट मेलबॉक्सच्या पडद्यावर काम करतात, शिकायला अर्धा तास पुरतो आणि सुरुवातीचा खर्च कमी असतो. दुसऱ्या वर्गात संपूर्ण सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या सर्व नोंदी एकत्र ठेवणारी प्रणाली, येते, ज्यात ट्रॅकिंग ही अनेक सोयींपैकी एक सोय असते. हबस्पॉट, चेन्नईची झोहो आणि चेन्नईतच सुरू झालेली फ्रेशवर्क्स यांची उत्पादने या वर्गातली. जीमेलची स्वतःची वाचल्याची पोच कंपनीच्या खात्यांना मिळू शकते, परंतु ती पाठवायची की नाही हे बहुतेक वेळा समोरच्याच्या हातात असते. खरेदी विभागातला माणूस ती आनंदाने पाठवील अशी आशा मला नाही.

किमतींचा तक्ता केला होता, पण तो आजच बाजूला ठेवला. सात जणांसाठी दरमहा होणारा फरक हा निर्णयाचा मुद्दा होऊ शकत नाही, इतकाच त्यातून निष्कर्ष निघाला.

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चाचणी करण्याआधी ही साधने आतून कशी चालतात हे विभागाला समजावे म्हणून अर्ध्या पानाचे टिपण लिहिले. त्याचा गाभा येथे ठेवतो.

मेल जाताना साधन त्यात एक बाय एक पिक्सेलचे, म्हणजे एका ठिपक्याएवढे, पारदर्शक चित्र घालते; यालाच पुढे ‘पिक्सेल’ म्हटले आहे. ते चित्र मेलसोबत जात नाही. जातो तो केवळ त्याचा पत्ता, आणि प्रत्येक मेलसाठी हा पत्ता वेगळा असतो. समोरच्याच्या मेल प्रोग्रॅमने ते चित्र मागवले, की साधनाच्या सर्व्हरवर वेळ, आयपी पत्ता (यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक) आणि प्रोग्रॅमची ओळख नोंदली जाते आणि विक्रेत्याला ‘मेल उघडला’ अशी सूचना येते. दुव्यांच्या बाबतीत मूळ पत्त्याच्या जागी साधनाचा स्वतःचा पत्ता बसवला जातो, ग्राहक आधी तेथे पोहोचतो आणि तेथून मूळ पानावर ढकलला जातो. याचा अर्थ साधनाला माणूस दिसत नाही; एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडे चित्र मागितले, एवढेच दिसते. ते यंत्र कोणी आणि का चालवले हा पुढचा सगळा अंदाज आहे.

हे टिपण वाचून आमचे एक ज्येष्ठ विक्री सहकारी म्हणाले, “म्हणजे कुरिअरवाल्याने पाकीट दारात टाकले, एवढाच हा पुरावा.” मला वाटते पुरावा त्याहूनही थोडा कमीच आहे, पण त्या वेळी मी काही बोललो नाही.

चाचणीसाठी सहा पत्ते ठरवले : जीमेलचे दोन, डेस्कटॉपवरच्या आउटलुकचा एक, आयफोनच्या मेल ॲपमधला एक, याहूचा एक, आणि एका परिचिताच्या कंपनीतला एक, जेथे येणारा प्रत्येक मेल सुरक्षा प्रणालीतून गाळून आत घेतला जातो. दोन एक्स्टेंशने आणि एक सीआरएम यांच्या चाचणी आवृत्त्या घेतल्या. त्यांची नावे निकालाच्या नोंदीत लिहीत नाही, कारण खाली येणारे दोष कोणा एका साधनाचे नाहीत; पिक्सेलच्या पद्धतीतच ते आहेत.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्यामुळे रविवारी आम्ही कामावर असतो आणि बाहेरचे फोन जवळजवळ बंद असतात. आजचा दिवस चाचणीला दिला.

जीमेलवर पहिल्यांदा मेल उघडल्याची नोंद तिन्ही साधनांत बरोबर आली, परंतु ठिकाण अमेरिका दिसले. मेल गंगापूर रोडवरच्या घरी उघडला होता. डिसेंबर २०१३ पासून जीमेल सर्व चित्रे गूगलच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत आणते, त्यामुळे ग्राहकाचा आयपी पत्ता साधनापर्यंत पोहोचतच नाही. ‘ग्राहक कोणत्या शहरात मेल वाचतो ते पाहा’ ही जाहिरातीतली सोय आमच्या बहुसंख्य ग्राहकांपुरती येथेच संपली. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उघडल्याची नोंद कधी आली, कधी आली नाही.

आउटलुकचा निकाल त्याच्या उलट निघाला. डेस्कटॉपवरचे आउटलुक बाहेरची चित्रे मुळात अडवून ठेवते. मी तोच मेल तीन वेळा संपूर्ण वाचला, त्यातल्या पीडीएफची छपाई केली, तरीही तिन्ही साधनांत ‘अजून उघडला नाही’ असेच दिसत राहिले. चित्रे उतरवण्याची परवानगी दिल्यावरच नोंद झाली.

आयफोनची चाचणी सर्वांना बोलावून दाखवली. फोन चार्जिंगला लावून टेबलाच्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप घातले. काही वेळाने पडद्यावर सूचना आली, की मेल उघडला गेला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत ॲपलने मेल ॲपमध्ये जे गोपनीयता संरक्षण आणले, ते सुरू असेल तर मेल उघडला जावो न जावो, त्यातली चित्रे ॲपलच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत आधीच उतरवली जातात. विक्रीप्रमुखांनी खण उघडून फोन पाहिला, पुन्हा पडदा पाहिला, आणि “हे एवढे फोन गृहीत धरून चालायचे का?” असे विचारले. त्यांच्याच खिशात तोच फोन होता.

सुरक्षा प्रणालीमागच्या पत्त्यावर तर मेल पोहोचल्यावर काही सेकंदांतच त्यातल्या सर्व दुव्यांवर क्लिक झाल्याचे दिसले. हे क्लिक प्रणालीने दुवे तपासण्यासाठी केलेले होते. परिचिताने मेल जेवणानंतर पाहिला. दुवा हा पिक्सेलपेक्षा भक्कम पुरावा आहे, असा माझा आजपर्यंतचा समज होता. तो मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत सोडून द्यावा लागेल.

आणखी काही विचित्र गोष्टी नोंदवून ठेवतो. ग्राहकाने आमचा मूळ मेल खाली ठेवून उत्तर पाठवले आणि ते उत्तर आमच्याच सहकाऱ्याने फोनवर उघडले, तेव्हा मूळ मेलमधला पिक्सेल आमच्याच फोनवर उतरला आणि ‘ग्राहकाने मेल पुन्हा उघडला’ अशी सूचना आली. तीन जणांना एकत्र पाठवलेल्या मेलमध्ये एकाने उघडल्याचे कळले, पण कोणी ते कळले नाही. संभाषण लांबले, की आणखी एक अडचण येते : मेलचा मजकूर सुमारे १०२ किलोबाइटच्या पुढे गेला तर जीमेल तो खालून कापून दाखवते आणि तळाशी ठेवलेला पिक्सेल उतरतच नाही. निर्यातीच्या वाटाघाटी चालू असलेले आमचे मेल हमखास या लांबीचे होतात.

या सगळ्याचा अर्थ साधनांचे आकडे थोडे चुकतात एवढाच असता, तर मी फारशी चिंता केली नसती. आकडे ठरावीक दिशेने चुकतात, ही खरी अडचण आहे. आमचे सर्वांत मोठे ग्राहक, म्हणजे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचे खरेदी विभाग, आउटलुकवर आहेत आणि ते कायम ‘न उघडणारे’ दिसतील किंवा गाळणी प्रणालीमुळे ‘क्षणात क्लिक करणारे’ दिसतील. आयफोन वापरणारा लहान ठेकेदार मात्र अतिशय उत्सुक दिसेल. या यादीवरून फोनचा क्रम ठरवला, तर आम्ही ग्राहकाचा कल मोजत नसून त्याचा मेल प्रोग्रॅम मोजत असू.

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे उत्तर तीन दिवस बसून हाताने काढले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पाठवलेल्या कोटेशनांपैकी ३८ कोटेशनांना मेलवर उत्तर नव्हते. प्रत्येक पाठवणाऱ्याला विचारत गेलो, तेव्हा ही ३८ कोटेशने पाच ढिगांत विभागली गेली.

चौदा कोटेशनांना पुढचा फॉलो-अप कधी करायचा याची तारीख कोणीच कोठेही लिहिलेली नव्हती. ती सरळ विसरली गेली होती. सहा जणांनी उत्तर दिलेले होते, पण विक्रेत्याच्या वैयक्तिक व्हॉट्सॲपवर, आणि यांतले पाच पॅकहाउसवाले होते. चार ठिकाणी ज्या अधिकाऱ्याला मेल गेला तो नोकरी सोडून गेला होता. तीन मेल स्पॅममध्ये पडून होते. खरोखर गप्प बसलेले ग्राहक उरले अकरा.

हा तक्ता विक्रीप्रमुखांना दाखवताना मला थोडा संकोच वाटला, कारण चौदाचा आकडा विभागाच्या शिस्तीवर बोट ठेवणारा होता. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि “यातला पिक्सेलने कोणता ढीग कमी झाला असता?” असा प्रश्न त्यांनीच विचारला. फार तर नोकरी सोडलेल्यांचा, तोही नेहमी नाही.

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम गेल्या शुक्रवारी, १४ तारखेला, केंद्र सरकारने जाहीर केले. मूळ कायदा २०२३ चा आहे, परंतु नियमांअभावी तो आजवर कागदावरच होता. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी लगेच लागू झाल्या असून कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची, म्हणजे मे २०२७ पर्यंतची, मुदत आहे. आमच्या सल्लागार वकिलांशी याबाबत तासभर बोललो.

कंपनीच्या नावाने असलेला सर्वसाधारण पत्ता वेगळा आणि व्यक्तीच्या नावाचा पत्ता वेगळा. व्यक्तीच्या नावाच्या पत्त्यावरून तो माणूस ओळखता येतो, त्यामुळे तो मेल त्याने किती वाजता आणि कोणत्या यंत्रावर उघडला ही नोंद वैयक्तिक डेटा ठरते. ज्याने स्वतःहून इन्क्वायरी पाठवली त्याला कोटेशन पाठवणे यात कोणतीच अडचण नाही, कारण त्याने पत्ता त्याच कामासाठी दिला आहे. त्याच पत्त्याच्या आधारे त्याच्या वाचण्याच्या सवयींची नोंद ठेवणे हे मात्र त्या कामात बसते असे म्हणणे मला ओढूनताणून वाटते. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी अशी कायद्याची भाषा आहे, आणि लपवलेल्या पिक्सेलचे सारे काम तो लपलेला आहे म्हणूनच चालते.

युरोपातल्या खरेदीदारांबाबत तर शंकेला फारशी जागा नाही. तेथील डेटा संरक्षण नियमन २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि युरोपात माल विकणाऱ्या किंवा तेथील व्यक्तींच्या वर्तनावर नजर ठेवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही ते बांधते. शिवाय युरोपीय डेटा संरक्षण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनी ट्रॅकिंग पिक्सेलला कुकीसारख्याच संमतीच्या तरतुदीखाली आणले आहे. मोजक्या खरेदीदारांसाठी हा धोका पत्करण्याचे कारण नाही. निर्यातीच्या मेलमध्ये कोणताही पिक्सेल जाणार नाही, हे आजच लेखी ठरले.

२० नोव्हेंबर २०२५, गुरुवार

एक्स्टेंशनांच्या परवानग्या तपासल्या. त्यांतल्या एकाला मेलबॉक्समधले सर्व मेल वाचण्याची, लिहिण्याची आणि पाठवण्याची परवानगी हवी होती. आमच्या मेलबॉक्समध्ये ग्राहकांची जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (पॅनलची एकूण मांडणी दाखवणारे आराखडे) असतात आणि निम्म्या ग्राहकांशी आमचा गोपनीयतेचा करार आहे. कोटेशनच्या पीडीएफवर नजर ठेवायची तर ही साधने फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून ग्राहकाला दुवा पाठवतात. म्हणजे ग्राहकाचे ड्रॉइंग तिसऱ्याच्या घरी जाते आणि ग्राहकाच्या खरेदी विभागाला दप्तरी लावायला फाइलही मिळत नाही. ही सोय मी यादीतून काढली.

स्पॅममध्ये गेलेल्या तीन मेलचा शोध मात्र उपयोगी ठरला. लेखा विभागाची जुनी बिलिंग प्रणाली आमच्याच डोमेनवरून मेल पाठवते, पण तिचा सर्व्हर एसपीएफ नोंदीत (आमच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरांच्या यादीत) नव्हता आणि डीकेआयएमची सही (मेल खरोखर आमचाच असल्याची डिजिटल खूण) आमच्या डोमेनच्या नावाने कधी सुरूच केलेली नव्हती. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याला यांपैकी किमान एक बंधनकारक केले आहे. दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि शिवाय डीमार्क (या तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) लागते. आम्ही त्या संख्येच्या आसपासही नाही, तरी तिन्ही नोंदी आज करून घेतल्या. डीमार्क सध्या केवळ अहवालापुरते ठेवले आहे. ट्रॅकिंग साधनांचे सामायिक दुवे-डोमेन अनेक कंपन्या एकाच वेळी वापरतात आणि त्यांतल्या एखाद्याने उपद्रव केला, तर बदनामीचा वाटा सर्वांना मिळतो, हेही या निमित्ताने सहकाऱ्यांना सांगता आले.

२५ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

विभागाची बैठक. अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. तरुण सहकाऱ्यांना सूचना हव्याच होत्या. मेल उघडल्याचा आवाज आला की काम करायला हुरूप येतो, असे एक जण म्हणाली, आणि यात खोटे काही नाही.

त्यावर ज्येष्ठ सहकाऱ्यांनी स्वतःचा अनुभव सांगितला. पत्रा विकणाऱ्या एका पुरवठादाराचा दर त्यांनी एकदा रात्री साडेदहाला घरी पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला : “साहेब, काल रात्री आमचं कोटेशन दोनदा पाहिलंत, मग फायनल करायचं का?” त्यांनी त्या पुरवठादाराकडून पुन्हा दर मागवला नाही. “आपण खरेदी करतो तेव्हा आपल्याला हे चालत नाही,” एवढेच ते म्हणाले आणि चहा घ्यायला उठले.

विक्रीप्रमुखांनी मधला मार्ग सुचवला : देशातल्या ग्राहकांसाठी ट्रॅकिंग सुरू ठेवावे, पण फोनवर त्याचा उल्लेख करू नये. मी विरोध केला. जी माहिती वापरल्याचे ग्राहकाला सांगता येत नाही आणि जी चुकीच्या दिशेने झुकलेली आहे, तिच्यासाठी परवानग्या, करार आणि कायदा या तिन्हींचे ओझे घेणे मला पटत नाही. चर्चा तास-दीड तास चालली. निर्णय झाला नाही.

३ डिसेंबर २०२५, बुधवार

निर्णय झाला. झोहो सीआरएम घ्यायचे आणि त्यातले मेल उघडल्याचे ट्रॅकिंग सर्वांसाठी बंद ठेवायचे. भारतातील ग्राहकांचा डेटा मुंबई आणि चेन्नई येथील केंद्रांत ठेवण्याची सोय, वकिलांच्या मते, पुढच्या जबाबदाऱ्या सोप्या करणारी आहे. परंतु खरे कारण साधे आहे. कोटेशन क्रमांक, मेलचा धागा आणि पुढची तारीख या तीन गोष्टी एका नोंदीत एकत्र राहाव्यात एवढीच आमची गरज होती आणि ती एक्स्टेंशनने भागत नव्हती.

नियम असे ठरले. फॉलो-अपची तारीख भरल्याशिवाय कोटेशनची नोंद जतन होणार नाही. ठरलेल्या दिवशी उत्तर आलेले नसेल तर विक्रेत्याच्या नावावर काम उघडेल, आणि त्यानंतर तीन दिवसांनी ते विक्रीप्रमुखांना दिसेल. पॅकहाउसच्या ग्राहकांचे व्हॉट्सॲपवर आलेले उत्तर त्याच दिवशी नोंदीत लिहायचे. पुण्याच्या ज्या ग्राहकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि ज्यांची रविवारी असते, त्यांच्या नोंदीत तो वार भरायचा, म्हणजे आम्ही रविवारी हौसेने केलेले फोन वाजत राहणार नाहीत. कोटेशन पीडीएफ म्हणूनच जाईल. तांत्रिक कॅटलॉगचा दुवा आमच्या संकेतस्थळाचा, कोणताही वळसा न घेता दिलेला असेल आणि तेथील भेटींची केवळ एकूण संख्या मोजली जाईल.

विक्रीप्रमुखांनी एक अट घातली, की मार्चअखेर पुन्हा हाताने तक्ता काढायचा आणि उत्तर न आलेल्या कोटेशनांचे पाच ढीग पुन्हा मोजायचे. ती मी आनंदाने मान्य केली.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

दहा दिवस झाले. जुन्या विसरलेल्या चौदा कोटेशनांना फोन करून झाले. नऊ ठिकाणी काम दुसऱ्याला गेले होते, तीन ठिकाणी ते पुढे ढकलले आहे, आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका पॅकहाउसने सुधारित दर मागवला आहे. उरलेल्या एका ग्राहकाने कोटेशन मिळालेच नव्हते असे सांगितले. ते जुन्या पत्त्यावर गेले होते. पत्ता बदलून नोंद दुरुस्त केली.

तारीख भरण्याची सक्ती चुकवण्यासाठी दोन जण सरसकट पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकतात असे दिसले. मंगळवारी त्यांच्याशी बसायचे आहे. चाचणीसाठी घेतलेल्या दोन्ही एक्स्टेंशनांच्या परवानग्या सातही खात्यांतून काढल्या. एका खात्यात ती परवानगी दोनदा दिलेली निघाली, तीही काढली.